बसऱ्याच्या शिळेवर नसलेली नावे

आपल्या परिसरातील जुन्या घराण्यांचा कुलवृत्तान्त लिहावयास बसले, की एखाद्या शाखेपाशी लेखणी अडते. पणजोबांचे धाकटे बंधू ‘जर्मनच्या लढाईत गेले’ एवढेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते कोणत्या पलटणीत होते, कोठे निवर्तले, याचा वंशावळीत उल्लेख नसतो.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार दगावली. राजर्षी शाहू महाराजांनी सैन्यभरतीस साहाय्य केले होते. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या व कूतच्या वेढ्यात अडकल्या. धान्य संपत आले, तरी घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला. अन्नासंबंधीचा हा निग्रह आपल्या वाचकांस वेगळा समजावून सांगावयास नको. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. पुढे तुर्कांच्या कैदेत कित्येकांचा अंत झाला.

त्या रणभूमीवर समाधी न लाभलेल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक बसऱ्यास उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक केवळ आकड्यात मोजला गेला! राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ साली जाहीर क्षमा मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडेही वृद्ध झाली होती.

शिळेवर नसलेली नावे आयोगाच्या नोंदींत मात्र सापडू शकतात. तेथे शिपायाचा क्रमांक, पलटण व मृत्युदिनांक असतो; कित्येकदा पित्याचे नाव आणि गावही असते. ‘पाटील’ किंवा ‘मगदूम’ असे केवळ आडनाव शोधून थांबू नये. पित्याचे नाव व गाव यांवरून शोध घ्यावा. इंग्रज कारकुनाने गावाचे नाव कानाला जसे लागले तसे लिहिलेले असते, हेही ध्यानी ठेवावे. शिवाय आजच्या जिल्ह्यातील सर्वच गावे तेव्हा करवीर संस्थानात नव्हती. कुरुंदवाड हे स्वतंत्र संस्थान होते. हातकणंगले तालुक्याचा भाग पूर्वी आळते पेट्यात मोडत असे.

जे सुखरूप परतले, ते मृतांच्या यादीत कसे सापडणार? त्यांच्यासाठी घरातीलच पेटी उघडावी. सेवामुक्तीचा दाखला वा पेन्शनचे पुस्तक मिळाल्यास उत्तमच. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. लढवय्यांचे युद्धपदक चांदीचे होते, आणि अडचणीच्या काळात घरातली चांदी सोनाराकडे जाते. एखाद्या घरी ते अद्याप असेल, तर उजळविण्याच्या भरात त्याची कड घासू नये.