जुना क्वाड-कोर प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा? २.४ वरून ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा पूर्ण हिशेब

फोनवर गेम खेळताना थोड्या वेळाने फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. फोन बिघडलेला नसतो. तापमान वाढलं म्हणून प्रोसेसरने स्वतःच आपला वेग कमी केलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग ही नेमकी उलटी गोष्ट आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवायचा आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेची जबाबदारी आपण घ्यायची.

घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर हे शिकायला तो चांगला. उदाहरण म्हणून आपण एकच प्रोसेसर घेऊ: इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६००.

हाच प्रोसेसर का?

क्यू६६०० जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला. वेग २.४ गिगाहर्ट्झ, ६५ नॅनोमीटर तंत्रज्ञान आणि ८ एमबी कॅश. आत एकच चार कोअरची चिप नाही, तर दोन-दोन कोअरच्या दोन चिप्स एकाच पॅकेजमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत. सुरुवातीची किंमत ८५१ डॉलर होती. जुलै २००७ मध्ये ती २६६ डॉलरवर आली.

त्याच महिन्यात इंटेलने क्यूएक्स६८५० हा प्रोसेसर आणला. घराणं तेच, कॅश तेवढीच, पण वेग ३ गिगाहर्ट्झ आणि किंमत ९९९ डॉलर. साहजिकच लोकांनी विचारलं, २६६ डॉलरचा प्रोसेसर ९९९ वाल्याच्या वेगाने पळवता येईल का? बऱ्याच जणांना ते जमलं, म्हणून क्यू६६०० चं नाव अजून निघतं.

हे जमतं कारण कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप सारखी नसते. कंपनी चिप्स तपासून वेगवेगळ्या वेगाचं लेबल लावते. शिवाय उन्हाळा, धूळ, विजेचा चढउतार आणि चिपचं वय या सगळ्यांसाठी थोडी जागा राखून ठेवते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती राखीव जागा वापरणं. ती फुकट मिळालेली नसते, एवढं डोक्यात ठेवा.

वेग कसा ठरतो?

गणित सोपं आहे. मदरबोर्ड एक मूळ ठोका देतो, त्याला एफएसबी म्हणतात. प्रोसेसर त्या ठोक्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतो, तो झाला मल्टिप्लायर.

२६६ मेगाहर्ट्झ × ९ = २.४ गिगाहर्ट्झ

क्यू६६०० चा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही. खाली ६ पर्यंत येतो. म्हणजे वेग वाढवायचा तर मूळ ठोकाच वाढवावा लागतो:

३३३ मेगाहर्ट्झ × ९ = ३ गिगाहर्ट्झ

गोम अशी की या ठोक्यावर फक्त प्रोसेसर चालत नाही, रॅमसुद्धा चालते. समजा तुमची रॅम डीडीआर२-८०० आहे, म्हणजे तिचा खरा ठोका ४०० मेगाहर्ट्झ. २६६ वर ती २:३ या प्रमाणात चालत असते. प्रमाण तेच ठेवून एफएसबी ३३३ केला, तर रॅम ५००वर जाईल आणि बहुतेक वेळा तिथेच सगळं अडेल. म्हणून प्रमाण ५:६ करायचं. ३३३ ला ५ ने भागून ६ ने गुणलं की पुन्हा ४००. तुमच्या बायोसमध्ये ५:६ नसेल तर १:१ ठेवा. रॅम थोडी हळू चालेल, पण सुरक्षित चालेल.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 'वर्गाच्या' हा शब्द इथे महत्त्वाचा.

व्होल्टेज न बदलता वेग २५ टक्के वाढवला, तर ही वीज सुमारे २५ टक्के वाढेल. पण सोबत व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलं, तर एकूण वाढ जवळपास ४६ टक्के होते. वेग मात्र तेवढाच, २५ टक्के. म्हणून नियम एकच: आधी वेग वाढवा, व्होल्टेजला अगदी गरज पडल्यावरच हात लावा.

इंटेलचे स्वतःचे आकडेही हेच सांगतात. क्यू६६०० च्या नंतरच्या आवृत्तीला ९५ वॅटचा कूलर पुरतो असं कंपनी म्हणते. ३ गिगाहर्ट्झच्या क्यूएक्स६८५० साठी तोच आकडा १३० वॅट आहे. आपण त्याच वेगाला जाणार असू, तर प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या कूलरवर फार विसंबून चालणार नाही. आणि पंखा कितीही मोठा घ्या, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरात पुण्यात व्यवस्थित चाललेली सेटिंग मे महिन्यात नागपुरात चालेलच असं नाही.

सुरू करण्याआधी

- बॅकअप घ्या. घरातले फोटो, कॉलेजची प्रोजेक्ट्स, सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून ठेवा. हे का, ते पुढे येईलच.
- आवृत्ती बघा. प्रोसेसरच्या झाकणावर एस-एल-ए-सी-आर असा कोड असेल तर ती नंतरची जी-झीरो आवृत्ती, ९५ वॅटची. एस-एल-नऊ-यू-एम असेल तर आधीची बी-थ्री, १०५ वॅटची, जास्त तापणारी. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअरही आवृत्ती दाखवतं.
- मदरबोर्ड बघा. पी३५ किंवा पी४५ चिपसेटच्या बोर्डांवर हे पर्याय सहसा मिळतात. ब्रँडेड कंपनीच्या तयार डेस्कटॉपच्या बायोसमध्ये बहुतेक वेळा ते नसतातच. नसतील तर विषय तिथेच संपला.
- थर्मल पेस्ट बदला. इतक्या वर्षांत ती सुकून खडू झालेली असते. कूलर काढा, जुनी पेस्ट पुसा, नवीन लावा, पंख्यातली धूळ झाडा.
- एसएमपीएस बघा. केबिनेटसोबत आलेला स्वस्त एसएमपीएस असेल तर थांबा. जास्तीची वीज त्यालाच पुरवायची आहे.

पायरी पायरीने

१. बायोसमध्ये जाऊन सगळी सेटिंग्ज डीफॉल्ट करा. विंडोजमध्ये कोअर टेम्पसारखं सॉफ्टवेअर लावून पूर्ण लोडवरचं तापमान लिहून ठेवा. मूळ वेगावरच तापमान ७० अंशांच्या आसपास असेल, तर आधी कूलिंग सुधारा.

२. बायोसमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचा ठोका 'ऑटो'वर न ठेवता १०० मेगाहर्ट्झवर पक्का करा. नाहीतर काही बोर्डांवर एफएसबीसोबत तोही वाढतो. स्प्रेड स्पेक्ट्रम बंद करा.

३. सीपीयू व्होल्टेजही 'ऑटो'वर ठेवू नका. काही बोर्ड स्वतःहून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. कोअर टेम्प दाखवतं ते मूळ व्होल्टेज हाताने टाका.

४. रॅमचं प्रमाण आधी कमी करा, मग एफएसबी वाढवा. २६६ वरून २८०, ३००, ३२० आणि शेवटी ३३३. प्रत्येक टप्प्यावर विंडोज चालू करून दहा-पंधरा मिनिटं चाचणी घ्या.

५. एखाद्या टप्प्यावर चाचणी फसली तर व्होल्टेज बायोस देतो त्या सर्वात छोट्या पायरीने वाढवा. इंटेलच्या कागदपत्रांत या प्रोसेसरची वरची मर्यादा १.५ व्होल्ट आहे, पण घरच्या वापरासाठी १.३५ च्या पुढे न गेलेलं बरं. बऱ्याच जी-झीरो चिप्स ३ गिगाहर्ट्झला मूळ व्होल्टेजवर किंवा किंचित वाढीवर चालतात.

६. कॉम्प्युटर चालूच झाला नाही तर घाबरू नका. वायर काढा, बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर वापरा किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. सेटिंग्ज मूळ पदावर येतात.

एक छोटी गोष्ट. काम नसताना सीपीयू-झेडमध्ये वेग ३ ऐवजी २ गिगाहर्ट्झ दिसला तर काही चुकलेलं नाही. वीज वाचवायला प्रोसेसर मल्टिप्लायर ६ वर आणतो: ३३३ × ६ = २ गिगाहर्ट्झ.

'चालू आहे' आणि 'बरोबर चालू आहे'

विंडोज उघडलं, गेम चालला, म्हणजे झालं असं बहुतेकांना वाटतं. खरा धोका इथेच आहे. वेग जास्त आणि व्होल्टेज कमी पडलं, तर प्रोसेसर दरवेळी बंद पडत नाही. कधीकधी तो चुकीचं उत्तर देतो आणि पुढे चालत राहतो. ते उत्तर एखाद्या फाइलमध्ये लिहिलं गेलं की ती फाइल खराब. निळा स्क्रीन नाही, एरर मेसेज नाही. सहा महिन्यांनी फोटो उघडायला जाल तेव्हा कळेल. बॅकअपची डिस्क बाजूला काढून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

म्हणून आधी मेमटेस्ट८६ प्लसने रॅम तपासा, मग प्राइम९५ मधली स्मॉल एफएफटी चाचणी चालवा. प्राइम९५ अवघड गणितं करतं आणि येणारी उत्तरं बरोबर आहेत का ते सतत पडताळून बघतं. चार कोअरवर चार कामं चालतात. त्यातलं एक जरी चूक दाखवून थांबलं, तरी सेटिंग नापास. निदान रात्रभर ही चाचणी पास झाल्याशिवाय त्या कॉम्प्युटरवर महत्त्वाचं काम करू नका. पहिला तासभर मात्र समोर बसून तापमान बघा. कोअर ७०च्या पुढे सरकायला लागले तर एक टप्पा मागे या.

हाती काय लागतं?

व्हिडिओ एन्कोड करायला ५० मिनिटं लागत असतील, तर २५ टक्के जास्त वेगावर ती ४० होतील, तेही सगळं काम प्रोसेसरवरच अवलंबून असेल तर. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, फाइल कॉपी होणं यात फार फरक दिसणार नाही, कारण तिथे प्रोसेसर हार्ड डिस्कची वाट बघत बसलेला असतो. रोजच्या वापरात वेग हवा असेल तर तेच पैसे कूलरऐवजी साध्या सॅटा एसएसडीवर घाला.

आणखी एक मर्यादा आहे. ओव्हरक्लॉकिंगने वेग वाढतो, नवीन क्षमता येत नाहीत. क्यू६६०० ला एसएसई४.२ नावाच्या सूचना कळत नाहीत आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला त्या लागतातच. त्याला ३ काय, ३.६ गिगाहर्ट्झवर नेलं तरी ते विंडोज त्यावर चालणार नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अशा कॉम्प्युटरवर लिनक्स टाकणं हा जास्त शहाणा पर्याय.

तुमच्याकडे नंतरचा क्वाड-कोर असेल तर

२०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर आय५ पासून वरची पद्धत चालत नाही. तिथे मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ असतो, आणि बाकीचे भागही त्यालाच बांधलेले असल्याने तो फारसा हलवता येत नाही. वेग मल्टिप्लायरने वाढवायचा आणि त्यासाठी नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर लागतो, उदाहरणार्थ आय५-२५००के. बोर्डही पी६७ किंवा झेड६८ सारखा हवा. एच६१ बोर्डवर 'के' प्रोसेसर बसेल, पण ओव्हरक्लॉक होणार नाही. सेकंडहँड बाजारात 'ओव्हरक्लॉकिंगवाला' म्हणून जास्त पैसे मागितले, तर आधी बोर्डाचं नाव वाचा.

थोडक्यात सांगायचं तर, ज्या डेस्कटॉपवर घरातलं बिलिंग किंवा बारावीचा अभ्यास चालतो, तो आहे तसाच राहू द्या. माळ्यावर पडलेला असेल तर तो खाली काढा, पेस्ट बदला आणि २८० पासून सुरुवात करा.