अथणीचे वाक्य आणि लखनौचे वाक्य : छत्रपती, ‘केसरी’ आणि कायदेमंडळाचे उमेदवार

वृत्तपत्रे आपल्या उमेदवारावर अन्याय करतात, विरोधकाला झुकते माप देतात, ही तक्रार आज प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. अमेरिकेत १८०० साली अ‍ॅडम्स आणि जेफरसन अध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे होते, तेव्हा तेथील बहुतेक पत्रे उघडपणे एका ना एका पक्षाची होती. महाराष्ट्रात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऐरणीवर आला आणि त्याच्या केंद्रस्थानी कोल्हापूर होते. गंमत अशी की ज्या कायदेमंडळासाठी हा वाद पेटला, त्याच्या निवडणुकीत कोल्हापूरच्या प्रजेला मतच नव्हते. कोल्हापूर हे संस्थान होते. मुंबई कायदेमंडळाचे मतदार ब्रिटिश मुलखातले, म्हणजे सातारा, पुणे, बेळगाव अशा जिल्ह्यांतले.

या वादाची मुळे वेदोक्त प्रकरणात आहेत. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे निदर्शनास आले. राजोपाध्यांनी वेदोक्ताला नकार दिला आणि प्रकरण त्यांच्या इनामांच्या जप्तीपर्यंत गेले. ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’ने या विषयावर दोन अग्रलेख लिहिले. त्यांचे शीर्षक होते ‘वेदोक्ताचे खूळ’. वेदोक्त मंत्रांनी संस्कार झाल्याने कोणत्याही जातीचे श्रेष्ठत्व वाढत नाही, असा त्यांतील एक युक्तिवाद होता आणि त्याचा स्वतंत्रपणे विचार करता येतो. परंतु ‘खूळ’ हा शब्द युक्तिवाद नव्हे. एका राजाची, आणि त्याच्यामागे असलेल्या मोठ्या समाजाची, सन्मानाची मागणी त्या एका शब्दात वेडाच्या सदरात टाकली गेली. शीर्षकानेच निकाल देण्याची ही रीत आजच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

त्याच वर्षाची दुसरी घटना या अग्रलेखांच्या शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार इस्टेटीच्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. जून १९०१ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने औरंगाबादेस जगन्नाथ महाराजांचे दत्तविधान झाले. पुढे बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज टिळकांच्या विरोधात गेल्या आणि ऑगस्ट १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात बाळा महाराजांना दत्तक घेतले. कोल्हापूर दरबार त्यांच्या बाजूला होता. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ‘केसरी’ छत्रपतींवर लिहीत होता, तेव्हा ‘केसरी’चे संपादक आणि छत्रपती एका दिवाणी वादात परस्परविरोधी बाजूंना उभे होते. टिळकांची बाजू अखेर न्याय्य ठरली. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही मालमत्तेच्या वादातील प्रतिपक्षाच्या धार्मिक हक्कावर त्याच संपादकाने अग्रलेख लिहावा, ही स्थिती आजच्या कोणत्याही वृत्तपत्रीय संकेतात बसणारी नाही. त्या काळी तसे संकेत लिखित नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. याहून विचित्र योग असा की त्याच ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांनी १८८२ मध्ये कोल्हापूरच्याच छत्रपतींची, चौथ्या शिवाजी महाराजांची, बाजू घेऊन कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लिहिले होते, ज्या पत्रांवर त्यांनी विसंबले ती बनावट ठरली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या खटल्यात जामिनाच्या व्यवस्थेसाठी सत्यशोधक मंडळी पुढे आली होती.

ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली आणि पुढील कायदेमंडळात कोण बसणार, हा प्रश्न एकदम जिवंत झाला. ब्राह्मणेतर नेत्यांनी आपल्या समाजांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. अण्णासाहेब लठ्ठे, भास्करराव जाधव आणि वालचंद कोठारी ही त्यांतील प्रमुख नावे. शाहू महाराजांचे पाठबळ या मागणीला होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे टिळकांचे भाषण झाले. तेली, तांबोळी, कुणबी यांना कायदेमंडळात जाऊन तेथे काय आपापला धंदा चालवायचा आहे, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी विचारल्याचे वृत्त पसरले. पुढील शंभर वर्षांत टिळकांच्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या भाषणाचा इतका उल्लेख झाला असेल.

आता दुसरे भाषण पाहावे. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौ काँग्रेसच्या व्यासपीठावरून याच टिळकांनी सांगितले होते की स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांना दिले, रजपुतांना दिले किंवा हिंदूंतील खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांना दिले, तरी त्यांची हरकत नाही. परक्या नोकरशाहीच्या हातून सत्ता सुटली म्हणजे झाले. दोन भाषणांत अंतर एका वर्षाहूनही कमी आहे. ब्राह्मणेतर चळवळीच्या लेखनात अथणीचे वाक्य पुनःपुन्हा भेटते, लखनौचे भेटत नाही. टिळकांच्या चाहत्यांच्या लेखनात नेमके उलटे घडते. एकाच माणसाचे दोन निरनिराळे टिळक महाराष्ट्रात एकाच वेळी नांदू लागले, ते या निवडीमुळे. असत्य छापण्याची गरज कोणालाच नव्हती. कोणते वाक्य वगळायचे एवढे ठरवणे पुरेसे होते.

तरीही दोन्ही वाक्यांना समान तोलणे बरोबर होणार नाही. लखनौचे वाक्य औदार्याचे आहे, पण ते देणाऱ्याच्या भूमिकेतून उच्चारलेले आहे. अथणीच्या वाक्याने ज्याला डिवचले तो सातारा-बेळगावकडचा शेतकरी प्रथमच उमेदवार होऊ पाहत होता. त्याच्या दृष्टीने प्रश्न तत्त्वाचा नव्हता, लायकीच्या दाखल्याचा होता. आणि तो दाखला देणारी लेखणी ज्या छापखान्यांत होती, ते छापखाने त्याच्या मालकीचे नव्हते.

शाहू महाराजांनी यावर जे केले ते राज्यकर्त्याला शोभेसे होते : त्यांनी तक्रारीपेक्षा पत्रांवर खर्च केला. मुकुंदराव पाटील यांचा ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून १९१० पासूनच निघत होता. १९१७ मध्ये कोठारींचे ‘जागरूक’ सुरू झाले, त्यापाठोपाठ लठ्ठे यांचे ‘डेक्कन रयत’ आणि १९१९ मध्ये पुण्यात श्रीपतराव शिंदे यांचे ‘विजयी मराठा’. यांतील अनेकांना कोल्हापूरचे साहाय्य होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ प्रसिद्ध झाला, त्यासाठी महाराजांनी २५०० रुपये दिले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. टिळक तेव्हा हयात होते. अग्रलेखातील टीका हा मतभेद म्हणता येईल. पैसे मोजून मागितलेली चार ओळींची जागा नाकारणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे बहिष्कार वृत्तपत्राच्या रकान्यात उतरला.

‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातील मनोगतात आंबेडकरांनी हाच प्रश्न अधिक खोलवर नेला. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण त्यांनी ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’ यांचा उल्लेखही केला. त्यांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते हे मान्य केले आणि तरीही ती पुरेशी नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असे लिहिले. ब्राह्मणेतर पत्रांनाही आपापला वाचकवर्ग सांभाळायचा असतो आणि त्या वर्गाबाहेर कोणी तरी उरतोच, ही जाणीव त्या काळच्या वादात फार थोड्यांना होती. दोन महिन्यांनी, मार्च १९२० मध्ये, माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाला त्याचा नेता मिळाल्याचे जाहीर केले.

छत्रपतींच्या बाजूचा हिशेबही कोरा ठेवता येत नाही. संस्थानिकाच्या तिजोरीवर चालणारे पत्र त्या संस्थानिकाबद्दल किती मोकळेपणाने लिहील, हा प्रश्न विरोधक विचारत आणि तो गैरवाजवी नव्हता. खुद्द कोल्हापुरातील अनुभवही आहे. १९०८ मध्ये ‘विश्ववृत्त’ या मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख आला आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला झाला. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर आणि पुढे ‘रागिणी’कार म्हणून प्रसिद्ध झालेले वामन मल्हार जोशी यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटिशांच्या दडपणाखालील संस्थानाला फारसा पर्याय नव्हता, असे म्हणता येते. परंतु कोल्हापुरात विरोधी लेखणीला किती जागा उरली होती, हे त्या निकालाने दिसले.

एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीचा जाहीरनामा काढला. निवडणूक लढविण्याचा त्यांचा इरादा पक्का होता. मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. म्हणजे अथणीत ज्यांची थट्टा झाली असे मानले गेले, त्यांच्यापैकी काहींची जागा आता कायद्यानेच निश्चित झाली. सामना रंगणार असे वाटत असतानाच १ ऑगस्टला टिळक वारले. सप्टेंबरात काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाने असहकाराचा ठराव केला आणि काँग्रेसचे उमेदवार कायदेमंडळाच्या निवडणुकीतून बाजूला झाले. नोव्हेंबर १९२० मध्ये मतदान झाले तेव्हा ज्या दोन पक्षांच्या पत्रांनी तीन वर्षे एकमेकांवर शाई उडवली होती, त्यांपैकी एकच रिंगणात होता.

भास्करराव जाधव पुढे मुंबई सरकारात मंत्री झाले, लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले. कोल्हापुरातून खंडेराव बागल यांचे ‘हंटर’ १९२५ मध्ये आणि बाळासाहेब पाटील यांचे ‘सत्यवादी’ १९२६ मध्ये निघाले. त्यांचा कोल्हापूरचा वाचक मुंबईच्या उमेदवारांची गुणदोषचर्चा आता आपल्या गावच्या पत्रात वाचू शकत होता; मत मात्र त्याला अजूनही नव्हते.