कॅन्सस सिटी मोनार्क्सचे नामवंत खेळाडू

कॅन्सस सिटी मोनार्क्स हा अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ होता. १९२० मध्ये स्थापन झालेला हा संघ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या साखळी स्पर्धांमधील सर्वांत दीर्घकाळ टिकलेल्या व सर्वाधिक यशस्वी संघांपैकी एक मानला जातो. सॅचेल पेज, बुलेट रोगन, हिल्टन स्मिथ, विलार्ड ब्राउन, बक ओ'नील, जॅकी रॉबिन्सन आणि एर्नी बँक्स हे खेळाडू या संघाकडून खेळले. यांपैकी काहींची कीर्ती त्यांच्या हयातीतच जगभर पोहोचली. काहींना मात्र मृत्यूनंतर अनेक दशकांनी अधिकृत मान्यता मिळाली.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४६ पर्यंत अमेरिकेतील प्रमुख साखळी स्पर्धांत (मेजर लीग) कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तशी बंदी घालणारा लेखी नियम नव्हता. संघमालकांमधील अलिखित संकेतावर ती टिकून होती. या परिस्थितीत रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतील पासिओ वायएमसीएच्या इमारतीत संघमालकांची बैठक झाली व निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. ('निग्रो' हा शब्द आज अवमानकारक मानला जातो, ऐतिहासिक नाव म्हणूनच तो येथे वापरला आहे.) मोनार्क्स हा या लीगच्या संस्थापक संघांपैकी एक होता.

संघाचा मालक जे. एल. विल्किन्सन हा त्या वेळच्या संघमालकांतील एकमेव श्वेतवर्णीय होता. त्यापूर्वी तो 'ऑल नेशन्स' नावाचा, अनेक वंशांच्या खेळाडूंचा फिरता संघ चालवीत असे. नव्या संघाचे 'मोनार्क्स' म्हणजे 'सम्राट' हे नाव जॉन डोनाल्डसन या खेळाडूने सुचविल्याचे सांगितले जाते. १९३० मध्ये विल्किन्सनने मालमोटारींवर उभारलेले दिव्यांचे खांब व विद्युतजनित्र सोबत घेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमधील पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी, १९३५ मध्ये सिनसिनाटी येथे झाला. दिवसभर राबणाऱ्या कामगारवर्गाला या दिव्यांमुळे सामना पाहता येऊ लागला आणि मंदीच्या काळात संघ तग धरू शकला.

पहिली पिढी

संघाच्या आरंभीच्या यशाचा मोठा भाग लष्करातून आला. अमेरिकेच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांचा बेसबॉल संघ विशेष बलवान होता. श्वेतवर्णीय खेळाडू केसी स्टेंगल (पुढे न्यू यॉर्क यांकीजचा व्यवस्थापक) याने त्यांचा खेळ पाहून विल्किन्सनला त्यांची शिफारस केली, असे मानले जाते. या रेजिमेंटमधून आलेल्यांपैकी विल्बर 'बुलेट' रोगन हा सर्वांत श्रेष्ठ ठरला.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. पिचरकडून सहसा फलंदाजीची अपेक्षा केली जात नाही. क्रिकेटमधील अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाप्रमाणे त्याचे अपयश गृहीतच धरले जाते. रोगन या नियमाला मोठा अपवाद होता. ठेंगण्या बांध्याच्या या खेळाडूने पिचर म्हणून १०० हून अधिक सामने जिंकले आणि ज्या दिवशी तो चेंडू फेकत नसे त्या दिवशी संघातील महत्त्वाचा फलंदाज म्हणून खेळत असे. १९२५ च्या अंतिम मालिकेच्या तोंडावर घरी आपल्या लहान मुलाशी खेळताना त्याच्या पायात सुई घुसली व त्याला मालिकेला मुकावे लागले. मोनार्क्स ती मालिका हरले. पुढे त्याने संघाचे व्यवस्थापकपदही सांभाळले. रोगनचा मृत्यू १९६७ मध्ये झाला, तर बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश १९९८ मध्ये झाला.

रोगनसोबत आलेला डोबी मूर हा त्या काळातील उत्कृष्ट शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक) गणला जात असे. १९२६ मध्ये पायाला गोळी लागल्याने त्याची कारकीर्द अकाली संपली.

क्यूबाचा होजे मेंडेझ हा मोनार्क्समध्ये आला तेव्हा त्याचा ऐन बहराचा काळ मागे पडला होता. १९०८ मध्ये क्यूबाच्या दौऱ्यावर आलेल्या सिनसिनाटी रेड्स या मेजर लीग संघाविरुद्ध त्याने सलग २५ डावांत एकही धाव दिली नव्हती. मायदेशात तो 'काळा हिरा' या नावाने ओळखला जात असे. १९२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या दोन लीगमधील विजेत्या संघांत पहिली 'वर्ल्ड सिरीज' झाली तेव्हा तो मोनार्क्सचा खेळाडू-व्यवस्थापक होता. फिलाडेल्फियाजवळील हिलडेल या संघाविरुद्धची ही मालिका, एक सामना बरोबरीत सुटल्याने, दहाव्या सामन्यापर्यंत लांबली. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असतानाही त्या निर्णायक सामन्यात मेंडेझ स्वतः चेंडू फेकण्यास उतरला. आठव्या डावात मोनार्क्सने पाच धावा केल्या, मेंडेझने प्रतिस्पर्ध्यांना अखेरपर्यंत खाते उघडू दिले नाही आणि संघाने ५–० असा विजय मिळवून मालिका जिंकली. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याचे निधन झाले. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव २००६ मध्ये आले.

सॅचेल पेज व हिल्टन स्मिथ

१९३१ मध्ये मोनार्क्स लीगमधून बाहेर पडले व काही वर्षे गावोगावी सामने खेळत राहिले. १९३७ मध्ये निग्रो अमेरिकन लीग स्थापन झाल्यावर त्यांनी पहिल्याच वर्षी तिचे विजेतेपद मिळविले; १९३९ ते १९४२ अशी सलग चार वर्षेही ते विजेते ठरले. या कालखंडाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव लिरॉय 'सॅचेल' पेज याचे आहे.

पेजचा जन्म १९०६ मध्ये अलाबामातील मोबील येथे झाला. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्याचा खांदा इतका दुखावला की त्याची कारकीर्द संपल्याचे मानले गेले. विल्किन्सनने तरीही त्याला करारबद्ध केले व केवळ नावावर गर्दी खेचण्यासाठी मोनार्क्सच्या दुय्यम फिरत्या संघात ठेवले. तेथेच त्याचा हात बरा झाला. १९४२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सने होमस्टेड ग्रेज संघाचा ४–० असा पराभव केला. या मालिकेतील दुसऱ्या सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना पेजने ग्रेजचा महान फलंदाज जॉश गिब्सन याला स्ट्राइकआऊट केले. गिब्सनशी गाठ पडावी म्हणून पेजने आधीच्या फलंदाजांना मुद्दाम बेस बहाल केले, ही कथा अतिशय लोकप्रिय आहे. तथापि, हा तपशील समकालीन वृत्तांतांपेक्षा नंतर सांगितल्या गेलेल्या आठवणींतच ठळकपणे येतो. पेजविषयीच्या अनेक कथांबाबत हीच सावधगिरी बाळगावी लागते. स्वतःच्या आख्यायिका रचण्यात त्याचाही वाटा मोठा होता.

जुलै १९४८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, क्लीव्हलँड इंडियन्स संघाने त्याला मेजर लीगमध्ये आणले. त्या हंगामात त्याने सहा सामने जिंकले व एक गमावला. क्लीव्हलँडने विजेतेपद मिळविले. १९६५ मध्ये, ५९ वर्षांचा असताना, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून त्याने तीन डाव चेंडू फेकून एकही धाव दिली नाही. १९७१ मध्ये निग्रो लीगमधील कामगिरीसाठी हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. अशा खेळाडूंसाठी संग्रहालयात वेगळे दालन करण्याचा प्रथम विचार होता. त्यावर टीका झाल्यानंतर पेजला इतरांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले.

पेजच्या प्रसिद्धीची झळ सर्वाधिक पोहोचली ती हिल्टन स्मिथला. टेक्सासमध्ये १९०७ साली जन्मलेला स्मिथ १९३६ मध्ये मोनार्क्समध्ये आला. त्याचा वळणारा चेंडू (कर्व्हबॉल) त्या लीगमधील सर्वोत्तम असल्याचे त्याचे अनेक समकालीन सांगत. परंतु जाहिरात पेजच्या नावाची होत असे. पेज पहिले तीन डाव खेळून बाहेर पडे आणि उरलेले सहा डाव स्मिथ चेंडू फेकत असे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील मथळा बहुधा पेजच्याच वाट्याला जाई. अबोल स्वभावाच्या स्मिथने याबाबत फारशी तक्रार केली नाही. मात्र उतारवयात त्याने हॉल ऑफ फेमला पत्रे लिहून आपल्या कामगिरीकडे लक्ष वेधले होते. १९८३ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची निवड २००१ मध्ये झाली.

जॅकी रॉबिन्सन आणि संघाची गळती

जॅकी रॉबिन्सन मोनार्क्सकडून केवळ १९४५ च्या हंगामात, दरमहा ४०० डॉलर वेतनावर, शॉर्टस्टॉप म्हणून खेळला. त्याचे नाव विल्किन्सनला स्मिथनेच सुचविले, असे सांगितले जाते. ऑगस्ट १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचा प्रमुख ब्रँच रिकी याने त्याची भेट घेतली व त्याला करारबद्ध केले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत ढासळली. मोनार्क्सला या व्यवहारात एक डॉलरही मिळाला नाही. रिकीने निग्रो लीगचे करार ग्राह्य मानले नाहीत, आणि एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या वाटेत अडथळा आणल्याचा ठपका नको म्हणून विल्किन्सनने दावा केला नाही.

जुलै १९४७ मध्ये विलार्ड ब्राउन व हँक थॉम्पसन हे मोनार्क्सचे दोन खेळाडू सेंट लुईस ब्राउन्समध्ये गेले. ब्राउन हा आपल्या लीगमधील सर्वांत ताकदवान फलंदाजांपैकी एक होता. १३ ऑगस्ट रोजी त्याने मारलेला होमरन हा अमेरिकन लीगमधील कृष्णवर्णीय खेळाडूचा पहिला होमरन ठरला. त्यासाठी त्याने जेफ हीथ या श्वेतवर्णीय सहकाऱ्याची बॅट वापरली होती. हीथने नंतर ती आपटून मोडली, असे सांगितले जाते. महिनाभरातच दोघांनाही मुक्त करण्यात आले. थॉम्पसनला पुढे न्यू यॉर्क जायंट्समध्ये संधी मिळाली. ब्राउन मोनार्क्समध्ये परतला व मेजर लीगमध्ये पुन्हा कधी दिसला नाही.

त्यानंतर ही वाट रुळली. एल्स्टन हॉवर्ड १९५५ मध्ये न्यू यॉर्क यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू बनला व १९६३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. एर्नी बँक्स १९५३ मध्ये शिकागो कब्जकडे गेला. तेथे त्याने ५१२ होमरन मारले आणि १९५८ व १९५९ असे सलग दोनदा नॅशनल लीगमध्ये हाच बहुमान मिळविला. मोनार्क्सने मेजर लीगला निग्रो लीगमधील इतर कोणत्याही संघापेक्षा अधिक खेळाडू दिले. मात्र प्रेक्षकही त्यांच्यामागोमाग गेले. १९५४ मध्ये टोनी स्टोन या महिला खेळाडूला संघात घेतले गेले, पण तिला बहुतेक वेळ राखीव बाकावरच बसावे लागले व हंगामानंतर तिने निवृत्ती घेतली. १९५५ मध्ये ॲथलेटिक्स हा मेजर लीग संघ कॅन्सस सिटीत आला. त्यानंतर मोनार्क्स विकला गेला. नवा मालक जुन्याच नावाने तो मिशिगन राज्यातून चालवू लागला आणि १९६० च्या दशकात संघ बंद पडला.

बक ओ'नील

जॉन 'बक' ओ'नील १९३८ मध्ये पहिल्या बेसवरील खेळाडू म्हणून संघात आला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा करून परतल्यावर १९४६ मध्ये तो फलंदाजीच्या सरासरीत लीगमध्ये अव्वल ठरला व १९४८ ते १९५५ या काळात संघाचा व्यवस्थापक होता. बँक्स व हॉवर्ड त्याच्याच हाताखाली खेळले. १९६२ मध्ये शिकागो कब्जने त्याची नेमणूक केली तेव्हा तो मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक बनला. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालय स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. १९९४ मध्ये केन बर्न्सच्या 'बेसबॉल' या माहितीपट मालिकेमुळे तो देशभर परिचित झाला.

२००६ मध्ये विशेष समितीने निग्रो लीग व त्यापूर्वीच्या काळातील १७ जणांची हॉल ऑफ फेमसाठी निवड केली. मेंडेझ, ब्राउन, अँडी कूपर हा पिचर आणि विल्किन्सन हे त्यांत होते, ओ'नील नव्हता. त्याला एक मत कमी पडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या सतरा जणांपैकी कोणीही हयात नव्हते. त्यांच्या वतीने समारंभात बोलण्याची विनंती ९४ वर्षांच्या ओ'नीलला करण्यात आली व त्याने ती स्वीकारली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी त्याचे निधन झाले. त्याची निवड डिसेंबर २०२१ मध्ये झाली.

नोंदींचा प्रश्न

मोनार्क्सच्या खेळाडूंचे मूल्यमापन अवघड होण्याचे मुख्य कारण अपुऱ्या नोंदी हे आहे. लीगचे अधिकृत सामने मोजके असत. उर्वरित वर्ष लहान गावांतील संघांशी खेळण्यात जाई. धावफलक मुख्यतः कॅन्सस सिटी कॉल, शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर यांसारख्या कृष्णवर्णीय समाजाच्या साप्ताहिकांत छापले जात, तेही सर्व नव्हेत. संशोधकांनी ही कात्रणे जुळवून आकडेवारी उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत विक्रमांत समाविष्ट केली.

या मर्यादेमुळे मोनार्क्सच्या इतिहासाचा काही भाग मोजणीबाहेरच राहतो. १९३१ ते १९३६ या काळातील फिरत्या दौऱ्यांचे सामने लीगबाह्य असल्याने धरले जात नाहीत. बँक्सने मोनार्क्सकडून खेळलेले १९५० व १९५३ चे हंगाम १९४८ नंतरचे असल्याने त्याच्या मेजर लीग आकडेवारीत नाहीत. दुसऱ्या बेसवर दीर्घकाळ खेळलेला न्यूट ॲलन व पिचर चेट ब्रूअर यांचा हॉल ऑफ फेममध्ये अद्याप समावेश झालेला नाही. ऑगस्ट १९३० मध्ये दिव्यांच्या उजेडात झालेल्या ग्रेजविरुद्धच्या बारा डावांच्या सामन्यात ब्रूअरने १९ फलंदाजांना स्ट्राइकआऊट केले होते. प्रतिस्पर्धी स्मोकी जो विल्यम्सने २७ जणांना, आणि सामना ग्रेजने १–० असा जिंकला.