मेलबर्नचा नेव्हिल डिसूझा

आमच्या शहरातील आमखास मैदानावरून सायंकाळी फिरावयास जाण्याचा प्रस्तुत लेखकाचा परिपाठ आहे. तेथे फूटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या सदऱ्यांवर इटली, पोर्तुगाल, अर्जेंटिना येथील खेळाडूंची नावे छापलेली असतात. परवा एका चुणचुणीत मुलास आम्ही सहज विचारले, "ऑलिम्पिकमध्ये चार गोल करून सर्वाधिक गोल करणारांच्या पंक्तीत बसलेला भारतीय खेळाडू कोण?" तो हसला आणि म्हणाला, "सर, फूटबॉलमध्ये? आपला? हॉकीचं म्हणताय का तुम्ही?" मुलाचा दोष नाही. फूटबॉल हा आमचाही विषय नव्हे; पंचवीसएक वर्षे इतिहास शिकवण्यात गेली, आणि इतिहासाच्याच वाटेने आम्ही या माणसापर्यंत येऊन पोहोचलो. ती वाट अशी की, ज्या महिन्यात आमचे औरंगाबाद हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशातून निघून मुंबई राज्यात दाखल झाले, त्याच्या पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या एका शाळामास्तराने घडवलेल्या संघातून मुंबईच्या एका तरुणाने तो पराक्रम केला.

नेव्हिल डिसूझाचा जन्म ३ एप्रिल १९३२ रोजी गोव्यात बारदेश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचे निशाण होते आणि ते १९६१पर्यंत राहिले. म्हणजे १९५६ साली ज्या देशाच्या वतीने तो खेळला, त्या देशात त्याचे जन्मगाव नव्हते! या गोष्टीची आठवण त्याच्या पराक्रमाच्या वर्णनात कोणी करीत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवितो.

खेळाडू म्हणून त्याची घडण मात्र मुंबईची. मुंबईतील फूटबॉल गोऱ्या पलटणींनी आणला. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक हा मुळात त्यांचाच खेळ. पुढे तो गिरगाव-धोबीतलावापासून माझगावपर्यंतच्या गोवेकर वस्तीने आपलासा केला. पोटापाण्यासाठी आलेल्या गोवेकरांचे गावोगावचे 'कूड' तेथे होते; एका गावाच्या माणसांनी एका छताखाली राहावे, एकत्र प्रार्थना करावी आणि सवड मिळाल्यास एकत्र चेंडूही खेळावा, असा तो संसार. कूपरेजच्या मैदानावर जे प्रेक्षक ओरडत, त्यांत या मंडळींचा आवाज मोठा असे. नेव्हिल टाटांच्या क्रीडासंघाकडून आणि पुढे कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाकडून खेळला. १९५४च्या हंगामात मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, आणि १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स चषक मिळविला, हे त्याच्याच काळातले.

येथे 'धंदेवाईक' या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. इटलीत १९२६ सालीच खेळाडूने पैसे घेऊन खेळावे यास नियमाने मान्यता मिळाली होती. ज्यूझेप्पे मेआत्सा हा मिलान शहरातील पोरका मुलगा फूटबॉलवर जगला, फूटबॉलवर श्रीमंत झाला, आणि इटलीसाठी ३३ गोल करून १९३४ व १९३८ या दोन्ही जागतिक स्पर्धांत विजयी ठरला. आपल्याकडे कागदोपत्री सगळेच हौशी. कंपनी खेळाडूस नोकरी देई. तो हजेरीपटावर कामगार किंवा कारकून, आणि सायंकाळी कंपनीच्या रंगाचा सदरा घालून आघाडीस उभा. ही व्यवस्था वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. तिने शेकडो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. पण तिची एक उणीव होती, तिच्याकडे पुढे येऊ.

आता हैदराबादकडे. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ असा तयार केला की १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबादेस गेला. मुंबईकरांच्या अंगणात येऊन पाच वर्षे त्यांचे पारितोषिक उचलून नेणे ही साधी गोष्ट नव्हे. भारतीय संघाची धुराही रहीम यांच्याकडेच होती, आणि तेथे त्यांस हेलसिंकीचा कडू घोट गिळावा लागला. १९५२च्या त्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच गडी अनवाणी खेळत होते. त्या दिवसानंतर बूट घालणे हा आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही, आणि रहीम यांनी खेळाची रचनाच नव्याने मांडावयास घेतली. मेलबर्नला निघालेल्या संघात अझीझ, नूर महंमद, तुलसीदास बलराम असे हैदराबादचे गडी होते. बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कप्तान आणि पी. के. बॅनर्जी उजव्या बाजूस. आणि मध्यावर, आघाडीच्या टोकास, मुंबईचा नेव्हिल, वय २४.

स्पर्धेत अकराच संघ होते. इटली नव्हताच. हंगेरीशी भारताचा पहिला सामना ठरलेला होता; परंतु ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले आणि हंगेरीने फूटबॉलमधून अंग काढून घेतले. भारत न खेळताच पुढे गेला. टीकाकार याच गोष्टीवर बोट ठेवतात, आणि ते अगदीच चुकीचे नाही.

१ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. ९व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने १७व्या मिनिटाला बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी दिली. मॉरोने ४१व्या मिनिटाला पुन्हा ती पुसली. मध्यंतरानंतर ५०व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल झाला आणि या वेळी तो कोणास पुसता आला नाही. ८०व्या मिनिटाला किट्टूने चौथा चढवला. सामना ४-२. भारत तीनदा पुढे गेला, आणि तिन्ही वेळा पुढे नेणारा पाय वा माथा एकाच माणसाचा होता. ऑलिम्पिक फूटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा हा पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरीत पोहोचलेला हा पहिला आशियाई संघ.

ऑस्ट्रेलिया तेव्हा दुबळा होता, म्हणून या गोलांचे मोल कमी, असे एक मत आहे. ज्यांचे हे मत असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्पर्धा संपल्यावर त्याच महिन्यात सिडनी येथे या दोन देशांचा पुन्हा सामना झाला आणि भारताने तो ७-१ असा जिंकला. तेव्हा मेलबर्नचा निकाल दैवाचा खेळ नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आमच्या मते नेव्हिलच्या योग्यतेचा खरा पुरावा ते तीन गोल नव्हेतच. तो पुरावा चौथा गोल होय.

४ डिसेंबरला समोर युगोस्लाव्हिया होता. तोच, चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा. मध्यंतरापर्यंत त्यांस एकही गोल करता आला नाही. ५२व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला, आणि काही क्षण का होईना, भारत ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला. हे क्षण फार थोडे होते. युगोस्लाव्हिया खवळला, पाचएक मिनिटांत दोन गोल करून पुढे गेला, तिसराही केला, आणि चौथा तर आपल्याच सलामच्या पायाने आपल्याच जाळ्यात गेला. निकाल १-४. पुढे ७ डिसेंबरला बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि भारत चौथा आला. परंतु हेलसिंकीत १-१० आणि मेलबर्नमध्ये १-४, त्यातही आधी आघाडी आपली: या दोन आकड्यांच्या मध्ये रहीम मास्तरांची चार वर्षांची शिकवणी उभी आहे. गोलांच्या यादीत युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि नेव्हिल डिसूझा, तिघांचेही चार चार.

पुढे काय झाले? फारसे काही नाही. १९६०च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात नेव्हिल नव्हता. १९६२ साली रहीम यांच्याच संघाने जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही नव्हता. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पी. के. बॅनर्जी, बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग यांस तो क्रमाने मिळाला, नेव्हिलला कधीच नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस निदान मरणोत्तर तरी मिळाला. १७ मार्च १९८० रोजी मुंबईत नेव्हिल वारला. वय ४७.

त्याच मार्च महिन्यात मिलान शहराने आपल्या सान सिरो क्रीडांगणास सात महिन्यांपूर्वी निधन पावलेल्या मेआत्साचे नाव दिले. ही तुलना गुणांची नव्हे. मेआत्सा फार मोठा खेळाडू. तुलना आहे ती स्मरण ठेवणाऱ्यांची. मेआत्साचे क्लब आजही आहेत, त्यांची दप्तरे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुयायी आहेत. वर म्हटलेली उणीव ती हीच. आपल्याकडे आठवण ठेवावयाची कोणी? कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय १९७६ साली सरकारने ताब्यात घेतला आणि ते नावच पाट्यांवरून गेले. हैदराबाद पोलिसांचे वैभव ओसरले. रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभी बंद पडला. कंपनीने नोकरी दिली, पगार दिला. वारसा सांभाळणे तिच्या हिशेबात कधी नव्हतेच. रहीम यांच्यावर २०२४ साली 'मैदान' नावाचा हिंदी बोलपट निघाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आमच्या शहराचे या कथेत स्थान कोठे, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आम्ही हैदराबादचे होतो, म्हणजे रहीम मास्तर आमचे. त्यानंतर मुंबईचे झालो, म्हणजे नेव्हिल आमचा. डिसेंबरच्या त्या सामन्याच्या दिवशी दोघांवरही हक्क सांगू शकेल असा प्रदेश मराठवाड्यावाचून दुसरा कोणता होता? पण आम्ही एकावरही सांगितला नाही. आमखासवरील त्या मुलास आम्ही नेव्हिलचे नाव सांगितले तेव्हा त्याने ते दोनदा उच्चारून पाहिले, आणि विचारले, "सर, त्याचा नंबर कोणता होता?"