बत्तीस बोअरची कुळकथा

गोराईत, मग ती खाडीअलीकडची बोरिवलीची वसाहत असो की बोटीने पलीकडे गेल्यावरचं जुनं गाव, कुणाकडे परवान्याचं लहान हत्यार असेल तर ते बहुधा बत्तीस बोअरचं असतं. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, सराफ, बांधकाम व्यावसायिक, धमकीचे फोन आलेला पुढारी, सगळे एकच प्रश्न विचारतात: रोज अंगावर बाळगायला भरवशाचं, लहानसं पिस्तूल कोणतं? दुकानदार दोन-चार नमुने काचेवर मांडतो. निवड आपण करतोय असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी होऊन गेलेली असते.

तशी बंदूक या किनाऱ्याला नवी नाही. गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हा या खाड्यांच्या काठाने तोफा-बंदुकांचे आवाज घुमले होते. पण ती सगळी खांद्यावरची किंवा बुरुजावरची हत्यारं. कपड्याखाली लपणारं, एकामागून एक सात गोळ्या झाडणारं आणि ऐनवेळी दगा न देणारं पिस्तूल जगात यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

ते बनवणारा माणूस जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, अमेरिकेतल्या युटा प्रांतातलं ऑग्डेन गाव. बापाचा बंदुका दुरुस्त करण्याचा कारखाना होता आणि पोरगा त्यातच वाढला. १८९० च्या दशकात त्याने आपोआप पुन्हा भरल्या जाणाऱ्या पिस्तुलावर काम केलं. त्याच सुमारास बेल्जियममधल्या लिएजजवळच्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्याला काम हवं होतं. हा कारखाना १८८९ साली बेल्जियन फौजेसाठी माउझर रायफली बनवायला निघालेला. पुढे तो सायकलीही बनवू लागला आणि त्याचा माणूस हार्ट बर्ग १८९७ मध्ये सायकलींच्या धंद्याची पाहणी करायला अमेरिकेत गेला होता. तिथे त्याची गाठ ब्राउनिंगशी पडली आणि परतताना त्याने पिस्तुलाचा करार आणला. १८९९ मध्ये पहिला नमुना निघाला. त्यात थोडी सुधारणा होऊन जो आला तो ‘मॉडेल १९००’. बाजारात त्याला नुसतं ‘ब्राउनिंग’ म्हणू लागले आणि दहा-अकरा वर्षांत त्याचे सुमारे सात लाख नग बनले.

या पिस्तुलाची करामत समजून घेण्यासारखी आहे, कारण आज दुकानाच्या काचेवर जे दिसतं त्याचं मूळ तिच्यात आहे. नळीभोवती एक जड लोखंडी सरक बसवलेली असते, तिला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की तिला पुढे ढकलणारा दाबच रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला रेटते, स्लाइड मागे जाताना पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस नळीत बसवते. नळी बंद ठेवायला वेगळा खटका नाही, कडी नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच सगळं चालतं. सुटे भाग कमी, म्हणून बिघाड कमी. रिव्हॉल्व्हरसारखं फुगीर चक्र नाही, म्हणून अंग चपटं.

पण या सोप्या रचनेची एक अट असते. काडतूस हलकं हवं. काडतुसाचा जोर वाढला की स्लाइड आणि स्प्रिंग दोन्ही जड करावी लागतात आणि मग ते पिस्तूल खिशाचं राहत नाही. म्हणून ब्राउनिंगने पिस्तुलाबरोबर त्याचं काडतूसही घडवलं. युरोपात ते ७.६५ मिलिमीटर आणि अमेरिकेत इंचाच्या हिशेबाने ०.३२. अख्खं काडतूस जेमतेम पंचवीस मिलिमीटर लांब. आपल्या दुकानात पिस्तुलासाठी ‘बत्तीस बोअर’ मागितलं की मिळतं ते हेच. सव्वाशे वर्षांत त्याच्या मापात फरक पडलेला नाही.

पोलिसांना हे पिस्तूल आवडलं, अधिकाऱ्यांना आवडलं, प्रवाशांना आवडलं. ज्यांना सरकारशी दोन हात करायचे होते त्यांच्याही ते लगेच नजरेत भरलं. १९०४ साली हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाच्या हातात ब्राउनिंग होतं. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना मारलं, तेही ब्राउनिंगनेच. त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी हे नाव नाशिकात गाजलं.

ते नाशिकला कसं पोचलं, ही गोष्ट महाराष्ट्राने नीट जपून ठेवायला हवी. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली. चतुर्भुज अमीन हा इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी हिंदुस्थानात परतणार होता. त्याच्या पेटीला खोटा तळ बसवून त्यात हा माल दडवला गेला. मार्च १९०९ च्या सुरुवातीला पेटी मुंबईत उतरली. त्याच्या काही दिवस आधीच नाशकात विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांना अटक झाली होती. जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याचा रोष वळला तो जिल्ह्याच्या कलेक्टरवर. तो होता ए. एम. टी. जॅक्सन, संस्कृतचा जाणकार. लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्याची मुंबईला बदली झाली आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात त्याच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवला गेला. औरंगाबादेत शिकणारा, अठराव्या वर्षात असलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे प्रेक्षकांत बसला होता. जॅक्सन आत आला आणि कान्हेरेने त्या वीसांतल्याच एका ब्राउनिंगने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. विनायक सावरकरांवर पुढे जो खटला चालला, त्यात या वीस पिस्तुलांचा पुरावा फार जड ठरला.

मोठी बंदूक घेऊन कुणी नाट्यगृहात जाऊ शकला नसता. बिचवा आणि वाघनखांची परंपरा सांगणाऱ्या मुलखाला अंगावर दडवलेल्या शस्त्राची ओळख होतीच, पण दहा पावलांवरून सात वेळा वार करणारं असं शस्त्र त्याने प्रथमच पाहिलं. ब्राउनिंगचं आणखी एक काडतूस १९०८ मध्ये आलं, किंचित जाड, ०.३८० चं. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच काडतुसाच्या, इटालियन बेरेटा पिस्तुलातून. तेही लहान, चपटं आणि त्याच साध्या रचनेचं. मारेकरी नथुराम गोडसे पुण्याचा. या कुळकथेतलं हे पान मराठी माणसाने डोळे उघडे ठेवूनच वाचायचं आहे.

आता प्रश्न उरतो तो कायद्याचा. आज परवानाधारकाला बत्तीसच का मिळतं?

इंग्रज सरकारला सगळ्यात मोठी भीती होती ती फौजेची काडतुसं बाहेर फुटण्याची. बंडखोराकडे रायफल असली तरी गोळी नसेल तर ती काठीच. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात ०.३०३ आणि ०.४५० बोअर खाजगी लोकांना बंद झाले. शिकारी बंदुका बनवणाऱ्या विलायती कंपन्यांनी मग ०.४७० आणि ०.४६५ अशी फौजेत न चालणारी नवी काडतुसं काढली. स्वतंत्र भारताने १८७८ चा जुना कायदा रद्द करून १९५९ चा शस्त्र कायदा केला, पण विचाराचा हा धागा कायम ठेवला. सरकारी फौजेची ९ मिलिमीटर, ०.३८० किंवा ०.४५५ ची काडतुसं ज्यात बसून उडतील असं कुठलंही पिस्तूल, रिव्हॉल्व्हर ‘प्रोहिबिटेड बोअर’. बाकीचं ‘नॉन-प्रोहिबिटेड’. परवान्याच्या धंद्यातली माणसं नुसतं पीबी आणि एनपीबी म्हणतात. पीबीचा परवाना फक्त केंद्र सरकार देतं. एनपीबीचा मुंबईत पोलिस आयुक्त देतात. गोराई ओलांडून उत्तनला गेलात की आयुक्तालय बदलतं, ते मिरा-भाईंदर, वसई-विरारचं.

बहुतेक सैन्यांनी बत्तीस आपलं मुख्य पिस्तूल म्हणून स्वीकारलं नाही, कारण ते रणांगणासाठी दुबळं होतं. १९०२ सालच्या ९ मिलिमीटर पॅराबेलमची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त. फौजांनी नऊ उचललं आणि म्हणून नऊ आपल्याला बंद झालं. बत्तीस आपल्या हाती राहिलं ते त्याच्या या कमजोरीमुळे. परवाना मागणाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे: तुम्ही बत्तीस निवडत नाही, सैन्याने सोडलेलं उचलता.

त्यातही दुकानात बत्तीस बोअर म्हणून दोन वेगळी काडतुसं मिळतात. एक वर सांगितलेलं, पिस्तुलाचं. दुसरं ‘०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’, १८९६ सालचं, रिव्हॉल्व्हरचं. दोन्हींची अदलाबदल करायची नसते. दोन्ही काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. १८६९ चा तो कारखाना. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं की ती किर्की फॅक्टरी. सरकारी कारखान्यांनी बत्तीसचं रिव्हॉल्व्हर कानपुरात काढलं, ‘अशनी’ नावाचं पिस्तूल काढलं आणि २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीत स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणलं. हे रिव्हॉल्व्हर फक्त पाचशे ग्रॅमचं होतं आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला संध्याकाळच्या लोकलचीच धास्ती असते, तिने सव्वा लाख कुठून आणायचे, हे कुणी विचारलं नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सर्वसामान्यांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. त्यामुळे आजोबांच्या काळातली वाल्थर, कोल्ट, वेब्ली आजही हातोहात फिरतात आणि भाव खातात.

मग भरवशाचं कोणतं? पिस्तूल चपटं आणि कपड्याखाली बसणारं, पण त्याच्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की पिस्तूल ऐनवेळी अडतं. प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्याच्या पुढे बसवायची, ही सवय ज्याला नाही त्याने पिस्तूल घेऊ नये. रिव्हॉल्व्हर जाडजूड, पण एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की चक्र फिरून पुढचं समोर येतं. वर्षाकाठी मोजकीच काडतुसं मिळणाऱ्या, म्हणून सराव कमी असलेल्या माणसाला रिव्हॉल्व्हर जास्त साथ देतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र ते नवं हवं. जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेलं असतं. हातून पडलं, घोड्यावर आपटलं, की गोळी सुटते. नव्यांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हलत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या हातून कपाटात ठेवताना परवान्याचं रिव्हॉल्व्हर निसटलं आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. तेही बत्तीस बोअरचंच होतं. जुनं हत्यार असेल तर घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवावा, हे जुने शिकारी सांगत आले आहेत.

बाळगण्याबद्दल २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: सार्वजनिक जागी पिस्तूल अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. माझ्या लेखी यातली शेवटची अट सगळ्यात मोठी. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी गोराईच्या शेजारी, बोरिवली पश्चिमेच्या आयसी कॉलनीत, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या घालून खून झाला आणि मारणाऱ्याने मग स्वतःलाही संपवलं. पिस्तूल परवान्याचं होतं. पण परवाना मारणाऱ्याच्या नावावर नव्हता, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. हत्याराने काम चोख केलं, पण ते भलत्याच हातात होतं. दुकानात भरवशाची चौकशी करणाऱ्याने आपल्या घरातल्या, गाडीतल्या, ऑफिसातल्या हातांचीही तितकीच चौकशी करावी.

आणखी एक विनंती जुन्या घरांना. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील-आजोबा गेले की त्यांच्या कपाटातलं पिस्तूल वारसाच्या हाती बेकायदा ठरतं, मग ते कितीही प्रेमाने जपलेलं असो. ते विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. १९५९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात तशी सोय आहे. वारसाला पुढे स्वतःचा परवाना मिळाला, तर ते त्याला परत मिळू शकतं.