स्वमग्नता, मानसिक आजार आणि दिव्यांग निवृत्तिवेतन : गुडीहत्नूरच्या कुटुंबांनी अर्ज कसा करावा

आदिलाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव आहे. येथूनच इंद्रवेल्ली-उट्नूरकडे रस्ता फुटतो. या परिसरातील अनेक घरांत मराठी बोलली जाते. सरकारी कामकाज मात्र तेलुगू वा इंग्रजीत चालते. दिव्यांगत्वाचा दाखला काढताना हे अंतर विशेष जाणवते. हात किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीचे दिव्यांगत्व दिसून येते. स्वमग्न मुलाच्या किंवा दीर्घ मानसिक आजार असलेल्या तरुणाच्या शरीरावर तशी कोणतीच खूण नसते. त्याची अडचण शब्दांत सांगावी लागते, आणि तीही अनेकदा परक्या भाषेत. ती नीट सांगितली न गेल्याने टक्केवारी कमी लागते आणि हक्काचे निवृत्तिवेतन हातचे जाते. म्हणून या अर्जाची तयारी रुग्णालयात जाण्याच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी घरातच सुरू व्हावी लागते.

कायद्याचा आधार

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. मानसिक आजार त्यांत होता, स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची स्वतंत्र दखल घेतली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. स्वमग्नता आणि मानसिक आजार हे दोन्ही त्यांत स्वतंत्रपणे नमूद आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित होणे आवश्यक असते.

मानसिक आजाराची कायद्यातील व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतील असा गंभीर बिघाड, की ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा रोजच्या जीवनाच्या साध्या गरजा भागविण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात खालावते. अर्थात केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही. त्या आजाराने जगणे किती अडले, हे पाहिले जाते.

निदान वेगळे, टक्केवारी वेगळी

‘डॉक्टरांनी स्वमग्नता आहे असे लिहून दिले, मग दाखला का मिळत नाही?’ असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. निदान म्हणजे आजाराची ओळख. टक्केवारी म्हणजे त्यामुळे येणाऱ्या अडचणीचे माप. ही मापे केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठरविलेली असून मार्च २०२४ मध्ये ती तत्त्वे सुधारण्यात आली.

स्वमग्नतेसाठी ‘आयएसएए’ ही भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. ती सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केली आहे. तीत ४० बाबी आहेत. सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तनाच्या ठरावीक पद्धती, संवेदना आणि बौद्धिक अंग अशा सहा भागांत त्या विभागल्या आहेत. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण मिळतात. एकूण गुण ७० पेक्षा कमी असल्यास या श्रेणीनुसार स्वमग्नता धरली जात नाही. ७० पासून ४० टक्के दिव्यांगत्व सुरू होते आणि गुणांबरोबर टक्केवारी वाढत जाते.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही श्रेणी आहे. स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. त्यांत गेल्या दोन वर्षांपैकी किती महिने आजार होता, याचे गुण मिळविले जातात. एकूण २० पैकी ७ किंवा अधिक गुण आले तर ४० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. आजार किमान दोन वर्षांचा असणे अपेक्षित असल्याने जुन्या औषधचिठ्ठ्या हा येथे सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

एकाच व्यक्तीस स्वमग्नता आणि मानसिक आजार दोन्ही असतील, तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. ९० मधून मोठी टक्केवारी वजा करून त्या संख्येस लहान टक्केवारीने गुणायचे, ९० ने भागायचे आणि येणारे उत्तर मोठ्या टक्केवारीत मिळवायचे, असे सूत्र आहे. उदाहरणार्थ, ५० आणि ४० टक्क्यांचे एकत्रित दिव्यांगत्व सुमारे ६८ टक्के होते. म्हणून दुसऱ्या आजाराचे कागद घरी ठेवू नयेत.

घरात करावयाची तयारी

तपासणीस आलेले मूल त्या अर्ध्या तासात शांत बसून राहू शकते. तरुण ‘मला काही त्रास नाही’ असेही म्हणू शकतो. लोकलाजेपोटी आई-वडीलही ‘तसे बरे आहे’ म्हणून मोकळे होतात. पाहुण्यांसमोर असे उत्तर चालून जाते. मूल्यमापनात मात्र त्याची नोंद होते आणि गुण कमी पडतात. वाढवून सांगण्याची मुळीच गरज नाही. जे रोज घडते तेवढे पूर्ण सांगावे.

त्यासाठी एक साधी वही ठेवावी. आंघोळ, जेवण, कपडे, शौच यांत किती मदत लागते. किती वेळा आठवण करून द्यावी लागते. रात्रीची झोप कशी असते. गोंगाट, प्रकाश किंवा स्पर्श सहन होतो का. एकट्याला सोडता येते का. शाळा वा शेतातील काम केव्हा आणि का सुटले, हे तारखेसह लिहावे. मूल्यमापनाच्या श्रेणीतील प्रश्न नेमके याच गोष्टींभोवती असतात. वहीवरून एका पानाचा सारांश तेलुगू किंवा इंग्रजीत करून घ्यावा. सोबत ती भाषा जाणणारी, घरची परिस्थिती माहीत असलेली व्यक्ती न्यावी. शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकेने केलेले निरीक्षण लेखी मिळाल्यास उत्तम.

अर्ज कोठे करावा

तेलंगणात अनेक वर्षे ‘सदरेम’ या प्रणालीतून प्रमाणपत्रे दिली गेली. आता देशभर चालणाऱ्या ‘यूडीआयडी’ म्हणजे विशिष्ट दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावर नोंदणी केली जाते. स्वतः अर्ज भरता येत नसल्यास मीसेवा केंद्रात चौकशी करावी. अर्जासोबत ओळखीचा व राहण्याचा पुरावा, छायाचित्र आणि उपचाराचे कागद लागतात. अज्ञान मुलाच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. जुने सदरेम प्रमाणपत्र असणाऱ्यांनी त्यावर दिव्यांगत्वाचा कोणता प्रकार लिहिला आहे, हे आधी तपासावे.

नियमानुसार अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत वा झाले आहेत तेथील प्राधिकाऱ्याकडे करता येतो. आदिलाबाद येथे ‘रिम्स’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. सीमेवरील काही कुटुंबे उपचारासाठी यवतमाळ किंवा नागपूरला जातात. त्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. प्रमाणपत्र कोठूनही मिळाले तरी कायद्याने ते संपूर्ण देशात ग्राह्य असते. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. ती तारीख लक्षात ठेवून नूतनीकरण करावे.

निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे निवृत्तिवेतन सुरू झाले, असे नव्हे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गावपातळीवर पंचायत सचिव आणि मंडलात परिषद विकास अधिकाऱ्यांचे कार्यालय येथे त्याची चौकशी करावी. राज्याची ‘आसरा’ योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा दिव्यांगांना दरमहा १,५०० रुपये मिळत. २०१९ मध्ये ही रक्कम ३,०१६ आणि २०२३ मध्ये ४,०१६ रुपये झाली. दिव्यांगांसाठी वयाची अट नाही. मात्र तीन एकरांहून अधिक बागायत किंवा साडेसात एकरांहून अधिक कोरडवाहू जमीन असलेले कुटुंब अपात्र ठरते. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग योजनेत ८० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. राज्याच्या योजनेत ४० टक्के पुरतात. हा फरक माहीत नसल्याने अर्जच न करणे ही चूक होईल.

स्वमग्न व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. निव्वळ मानसिक आजारासाठी ती लागू नाही. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के दिव्यांग आरक्षणात स्वमग्नता व मानसिक आजार यांचा समावेश असलेला एक टक्क्याचा स्वतंत्र गट आहे.

अठरा वर्षांनंतर

मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी ही समिती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला उपचारांविषयी आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा अधिकार दिला आहे.

अर्ज नाकारला गेल्यास

नकाराचे कारण लेखी मागावे. प्रमाणपत्राविरुद्ध अपील करण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात आहे. निवृत्तिवेतनाविषयीची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात सोमवारी होणाऱ्या प्रजावाणीत देता येते. प्रत्येक अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवावी. या धावपळीत रुग्णाची किंवा सांभाळणाऱ्याची मनःस्थिती ढासळल्यास १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मराठीतही निःशुल्क बोलता येते.

शिबिराची तारीख केव्हा येईल, हे कुटुंबाच्या हाती नसते. वही आजपासून लिहिणे आणि औषधचिठ्ठी टाकून न देणे मात्र हाती असते. दोन वर्षांच्या आजाराचा पुरावा तपासणीच्या आदल्या रात्री तयार करता येत नाही.