विस्मृतीविरुद्ध उभा राहिलेला ग्रंथसंग्राहक : आर्तुरो शोंबर्ग

ज्या समाजाचे कागद कोणी जपले नाहीत, त्या समाजाला इतिहासच नव्हता असे म्हणणे जगाला फार सोपे जाते. कॅरिबियन बेटांवरून अमेरिकेत आलेले लेखक व ग्रंथसंग्राहक आर्तुरो आल्फोन्सो शोंबर्ग यांनी आपले आयुष्य हा समज खोडून काढण्यात वेचले.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८७४ रोजी पोर्तो रिकोतील सान हुआन येथे झाला. बेटावर तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि गुलामगिरी कायद्याने बंद होऊन अद्याप पुरते वर्षही लोटले नव्हते. आई सेंट क्रॉय बेटावरची कृष्णवर्णीय, तर वडील जर्मन वंशाचे. कृष्णवर्णीयांना ना इतिहास, ना थोर पुरुष, असे बालपणी एका शिक्षकाने त्यांना ऐकविल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून आवर्जून सांगितली जाते.

१८९१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला आले. क्यूबा आणि पोर्तो रिको यांच्या स्वातंत्र्यासाठी १८९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘लास दोस आंतीयास’ या मंडळाचे ते एक संस्थापक होते. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता गेली. पण पोर्तो रिको स्वतंत्र न होता अमेरिकेच्या ताब्यात गेले. पुढे शोंबर्ग यांचे लक्ष उत्तरोत्तर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळले.

१९०६ ते १९२९ या काळात ते एका बँकेत नोकरीस होते आणि तिथल्या टपाल विभागाचे काम पाहत. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संसार सांभाळून उरलेल्या पैशांतून आणि वेळातून त्यांचा संग्रह वाढत गेला. फिलिस व्हीटली या गुलाम कवयित्रीचा १७७३ चा काव्यसंग्रह, बेंजामिन बॅनेकर यांची पंचांगे, हैतीच्या मुक्तिसंग्रामाचे नेते तूसँ लुव्हेर्त्यूर यांच्यासंबंधीची कागदपत्रे असे दुर्मीळ धन त्यांनी जमविले. १९११ मध्ये जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासह त्यांनी ‘निग्रो सोसायटी फॉर हिस्टॉरिकल रिसर्च’ स्थापन केली. १९१६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन काव्याची ग्रंथसूची प्रसिद्ध केली. १९२५ च्या ‘द निग्रो डिग्ज अप हिज पास्ट’ या निबंधात त्यांनी मांडलेली भूमिका स्पष्ट होती : आपला भूतकाळ नव्याने उभा करावयाचा, तर तो भावनेच्या भरात नव्हे, पुराव्याच्या आधारे केला पाहिजे.

संग्रह घरात राहिला असता, तर तो एका माणसाचा छंद ठरला असता. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या १०,००० डॉलरांतून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने तो विकत घेतला आणि हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत वाचकांसाठी ठेवला. त्यात ५,००० हून अधिक ग्रंथ होते. त्याच वर्षी शोंबर्ग स्पेनला गेले. चित्रकार वेलास्केझच्या घरी गुलाम असलेला आणि पुढे स्वतःच चित्रकार झालेला हुआन दे पारेहा हा त्यांच्या शोधाचा एक विषय होता. १९३१ मध्ये त्यांनी नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात संग्रहाची जबाबदारी घेतली. १९३२ मध्ये ते स्वतःच्याच संग्रहाचे अभिरक्षक म्हणून हार्लेमला परतले. जून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच पदावर होते. १९४० मध्ये संग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले.

शोंबर्ग यांनी त्या शिक्षकाशी वाद घातला नाही. त्यांनी उत्तरादाखल एक कपाट भरले, मग दुसरे, आणि अखेर त्या कपाटांच्या किल्ल्या समाजाच्या हाती दिल्या. ग्रंथालयाचे याहून मोठे प्रयोजन ते कोणते?